दर्या नसलेल्या गावांतलं कोळीगीत

कर्जतच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेल्या वाणांना गावाचंच नाव मिळालं. कर्जत-२, कर्जत-३, कर्जत-७ अशी नावं बियाण्याच्या पिशव्यांवर छापली जाऊन कोकणभर गेली. गाण्याच्या खात्यावर मात्र या तालुक्याच्या नावे काहीच जमा नाही. सातारा-कोल्हापूर म्हटलं की ढोलकी आणि लावणी, खानदेश म्हटलं की अहिराणी गाणी, झाडीपट्टी म्हटलं की दंडार आणि कोकण म्हटलं की कोळीगीत, असा एक नकाशा मराठी श्रोत्याच्या कानात आधीपासून तयार असतो. त्या नकाशात कर्जत आणि खालापूर या शेजारी तालुक्यांच्या जागी कोरा कागद आहे. आपल्या राज्यगीतात कोकणातली एकही नदी नाही, तिथे उल्हास आणि पाताळगंगेची काय कथा! पण लग्नसराईत नेरळपासून खोपोलीपर्यंतच्या कुठल्याही गावात हळदीच्या रात्री कान दिला तर नाखवा, होडी, जाळं, पारू आणि एकवीरा आई यांच्याच गाण्यांवर अख्खा मांडव नाचत असतो. या गावांना समुद्र नाही. सगळ्यांत जवळची खाडी पनवेलची. नाचणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरात पिढ्यान् पिढ्या कुणी जाळं टाकलेलं नाही. त्यांची हयात भाताच्या खाचरात, डोंगरात, वीटभट्टीवर नाही तर लोकलच्या डब्यात गेली. मग दर्याचं गाणं त्यांचं कसं झालं?

प्रदेश आणि संगीत यांच्या नात्याबद्दल आपण सहसा एकच गोष्ट सांगतो. जशी माती, तसं पीक. जसं पीक, तसं गाणं. वाळवंटात लांब हाक, पाणथळ मुलखात संथ वल्ह्याची लय, डोंगरात घुमणारा ढोल. हिंदी चित्रपटसंगीताचा इतिहासही याच सुरात लिहिला जातो: लाहोरच्या गुलाम हैदर यांनी १९४१ च्या ‘खजांची’त पंजाबी ठेका आणला, सचिनदेव बर्मन यांनी पूर्व बंगालची नावाड्यांची भटियाली आणली, ‘बॉबी’त गोव्याच्या लोकगीताची चाल आली. यातलं काही खोटं नाही. पण ही गोष्ट एवढ्यावर थांबली की असं वाटायला लागतं, की प्रत्येक प्रदेशाच्या पोटात एक चाल पुरलेली असते आणि कुणीतरी येऊन ती उकरून काढायचा अवकाश असतो. कर्जत-खालापूरची साक्ष वेगळी आहे. इथे चाली भरपूर होत्या, पण त्या लोकप्रिय संगीतात गेल्या नाहीत. आणि जे लोकप्रिय झालं, ते बाहेरून वाटेने चालत आलं. म्हणून माझं म्हणणं असं, की कुठल्या मुलखाचं गाणं सगळ्यांच्या कानावर पडणार हे मातीपेक्षा वाट ठरवते. मुलखाच्या हातात उरतात ते प्रसंग आणि उच्चार. त्यांतही कमी ताकद नसते.

आधी या मुलखाच्या घरात काय होतं ते पाहू. माथेरान, भीमाशंकर आणि बोरघाट यांच्या कुशीत ठाकरवाड्या आहेत, कातकरवाड्या आहेत. पठारावर आणि नदीकाठी आगरी, कुणबी, मराठा, बौद्ध वस्त्या आहेत. आणि भीमाशंकरच्या बाजूला महादेव कोळी आहेत, ज्यांचा समुद्राशी काडीचा संबंध नाही. (नाव ‘कोळी’ ऐकून त्यांच्या दारात मासळी शोधणारा फसतो.) ठाकरांच्या फेरात ढोलकीवाला मधोमध असतो, भोवती माणसं फिरत राहतात, एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी ती झेलायची. तीच ओळ एका शब्दाने बदलत पुन्हा येते, मग पुन्हा. गाणं संपायची वेळ गाण्यात नसते. पाय दमले किंवा उजाडलं की ते संपतं. ल. ना. चापेकरांनी सह्याद्रीतल्या ठाकरांवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९६० साली प्रसिद्ध झाला. म्हणजे अभ्यासकांना हे लोक अनोळखी होते असंही नाही. आगऱ्यांच्या लग्नात तर याहून जुनं धन होतं: धवलारीण. हळद, तेलवण, मांडव, प्रत्येक विधीला तिने आपले धवले म्हणायचे आणि तेव्हाच तो विधी पुरा व्हायचा. भटजीवाचून लग्न लागे, धवलारणीवाचून लागत नसे. मराठीतली आद्य कवयित्री म्हणून जिचं नाव घेतलं जातं, त्या महदाइसेच्या तेराव्या शतकातल्या रचनेचं नावही ‘धवळे’च आहे, आणि त्याही लग्नाच्याच. विद्यापीठात जो शब्द प्राचीन मराठीच्या तासाला शिकवला जातो, तो आगऱ्यांच्या मांडवात ‘ळ’चा ‘ल’ होऊन कालपरवापर्यंत कामावर होता.

हे धन ध्वनिमुद्रिकेवर का गेलं नाही, याचं पहिलं कारण अगदी यांत्रिक आहे. जुन्या अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटं मावत. पुढे तबकड्या मोठ्या झाल्या, कॅसेट आली, तरी तीन-चार मिनिटांचं गाणं ही सवय टिकली. ठाकरांच्या फेराला तीन मिनिटांत जेमतेम लय सापडते. धवल्याला तर विधी हवा. हळद दळणारे हात समोर नसतील तर हळदीचा धवला म्हणजे निव्वळ रेंगाळलेला सूर. कोळ्यांच्या नाचगाण्यांचं तसं नव्हतं. त्यांना धृपद होतं, पाळीपाळीने येणारी कडवी होती, त्यांच्या अनेक चालींना सहा मात्रांचा झुलता ठेका होता. कापून तीन मिनिटांत बसवली तरी ती जिवंत राहत. दुसरं कारण अंतराचं. वेसावे, वरळी, माहीम हे कोळीवाडे मुंबईच्या पोटात होते. ध्वनिमुद्रण कंपन्या, नभोवाणी केंद्र, नाट्यगृहं सगळी तिथेच. आकाशवाणीच्या कामगारांसाठीच्या कार्यक्रमाला गायला कोळीवाड्यातून सहज जाता येई. कर्जत मुंबईपासून शंभर किलोमीटरवर, आणि तिथल्या ठाकरवाडीतून स्टेशन गाठायलाच काही तास. ‘कोकणचं संगीत’ म्हणून महाराष्ट्राने जे ऐकलं, ते बऱ्याच अंशी स्टुडिओच्या जवळ राहणाऱ्या कोकणाचं संगीत होतं.

आता ते इथवर पोहोचलं कसं, याची वाट जमिनीवर दाखवता येते. खोपोलीजवळ साजगावला कार्तिकी एकादशीपासून बोंबल्या विठोबाची यात्रा भरते. तुकोबा मिरच्यांच्या व्यापाराच्या निमित्ताने इथे उतरत अशी आख्यायिका आहे. पण यात्रेची खरी ओळख सुक्या मासळीचा बाजार. विठोबाच्या दारात सुक्या बोंबलांचे ढीग, हे पंढरपूरच्या वारकऱ्याला पचायला जड जाईल, इथे त्याचं कुणाला नवल नाही. पावसाळ्यानंतर घाटपायथ्याच्या गावांनी मासळी भरून ठेवायची आणि किनाऱ्याच्या माणसांनी डोंगरातला माल न्यायचा, हा जुना व्यवहार. त्यातली एक गंमत सांगण्यासारखी आहे. बोंबील ज्या जाळ्यात सापडतो ते ‘डोल’: समुद्रात खुंटांना बांधून ठेवलेलं लांबलचक पिशवीसारखं जाळं, ज्यात भरती-ओहोटीचा प्रवाह मासे आणून टाकतो. ते लावणारा तो डोलकर. शान्ता शेळके यांनी लिहिलेलं, हृदयनाथ मंगेशकरांनी चाल दिलेलं आणि लता मंगेशकर व हेमंतकुमार यांनी गायलेलं ‘मी डोलकर’ खालापुरात ज्यांच्या तोंडी आहे, त्यांनी डोल कधी पाहिली नसेल, पण तिच्यातला बोंबील त्यांच्या घरात टांगलेला असतो. गाणं आणि मासळी एकाच वाटेने वर आली आहेत.

दुसरी वाट देवीची. आगरी-कोळ्यांची एकवीरा समुद्रकाठी नाही, ती घाटावर कार्ल्याच्या लेण्यांच्या तोंडाशी बसली आहे. चैत्रात किनाऱ्यावरून तिच्याकडे पायी पालख्या निघतात, त्यांतल्या कितीतरी खालापूर-खोपोलीवरून बोरघाट चढतात. दर वर्षी समुद्राची माणसं आपली गाणी म्हणत, ढोल वाजवत या दोन तालुक्यांच्या उंबऱ्यावरून जातात आणि रात्रीचा मुक्कामही इथल्याच गावांत करतात. तिसरी वाट रुळांची. १८५६ साली पळसदरीहून खोपोलीपर्यंत रेल्वे आली. घाटातला मार्ग १८६३ साली सुरू झाला. मधल्या काळात पुण्याला जाणाऱ्यांना खोपोलीला उतरून, पालखी, घोडा, बैलगाडी किंवा पायांच्या आधाराने घाट चढून वर पुन्हा गाडी पकडावी लागे. रेल्वेने या मुलखाला मुंबईचं परसदार करून टाकलं. १९१५ पासून खोपोलीच्या जलविद्युत केंद्राची वीज मुंबईच्या गिरण्यांकडे जाऊ लागली. त्याच गिरणगावात पुढे अण्णाभाऊ साठे, अमर शेख यांच्यासारख्या शाहिरांचा आवाज घुमला. घाटाचं पाणी वीज होऊन खाली गेलं, कामाला गेलेली माणसं गाणी घेऊन वर आली. आजही कर्जत लोकलच्या डब्यात भजनी मंडळी टाळ वाजवत बसतात, आणि त्यांच्या अभंगाची चाल पुष्कळदा हिंदी सिनेमातली असते. दोन तासांच्या प्रवासात विठ्ठलाला मुंबईची चाल अशी लागते.

इथे एक आक्षेप घ्यावासा वाटेल. आगरी आणि कोळी या सोयऱ्यासारख्या जमाती. भाषा जवळची, देवी एक. मग आगऱ्यांनी कोळ्यांची गाणी म्हणण्यात विशेष ते काय? विशेष हे, की हळदीत ती गाणी फक्त आगरी म्हणत नाहीत. कुणब्यांच्या, मराठ्यांच्या, बौद्धांच्या मांडवातही तीच वाजतात आणि ठाकरवाडीतली पोरंही त्याच गाण्यांवर नाचतात. नुसती सोयरीक हेच कारण असतं तर ती गाणी एका जातीपुरती राहिली असती. दुसरं म्हणजे, आगरी बोलीने इथे फार मोठं मध्यस्थाचं काम केलं. ‘आगर’ म्हणजे मिठागर. त्यावरून जमातीचं नाव पडलं असं मानतात. पण कर्जत-खालापूरचा आगरी शेतकरी. मीठ आणि दर्या मागे सुटला तरी बोली सुटली नाही. या बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो: होडीची होरी, गाडीची गारी, वाडीची वारी. ‘ण’चा ‘न’, ‘ळ’चा ‘ल’, ‘आला’चा ‘आयला’. पुण्याच्या माणसाला ‘होरी’ हा गाण्यापुरता अलंकार वाटतो, एखाद्या टोपीसारखा, गाणं संपलं की काढून ठेवायचा. कर्जतच्या आगऱ्याला तो घरात ऐकू येणारा उच्चार आहे. समुद्र अनोळखी असला तरी समुद्राच्या गाण्यातलं व्यंजन ओळखीचं होतं, आणि माणूस गाण्यात आधी स्वतःचा उच्चार शोधतो, विषय मागाहून. मराठी चित्रपटांनी, भावगीतांनी प्रमाण भाषेचं बोट सहसा सोडलं नाही. लग्नाच्या रात्री मोठ्या आवाजात, लाज न बाळगता आपल्यासारखं बोलणारं गाणं इथे पहिल्यांदा भेटलं ते कोळीगीतातच.

याच्या उलट बाजूचं उदाहरण ‘जैत रे जैत’चं. गो. नी. दांडेकरांची कादंबरी कर्नाळ्याच्या पायथ्याच्या ठाकरांची, म्हणजे पनवेल तालुक्यातली. पण ठाकर समाज तोच, डोंगररांगाही लागूनच. जब्बार पटेल यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यावर चित्रपट केला, आणि त्यातली गाणी आज मराठी घराघरांत आहेत. ती लिहिली ना. धों. महानोरांनी, जे अजिंठ्याच्या डोंगरालगतच्या पळसखेड्याचे. चाली हृदयनाथ मंगेशकरांच्या. निवेदनासारखं गाणारे रवींद्र साठे आणि चंद्रकांत काळे हे ‘घाशीराम कोतवाल’च्या पुणेरी नाट्यसंचातले. यात ठाकर कुठे आहे, असा सवाल करणं सोपं आहे, आणि तो वेळोवेळी केलाही जातो: शहरी कलावंतांनी आदिवासींच्या नावावर आपलीच गाणी खपवली. मला हा आरोप अर्धाच पटतो. चाली ठाकरांच्या फेरातून जशाच्या तशा उचललेल्या नाहीत हे उघड आहे, आणि या गाण्यांमुळे एखाद्या ठाकर गायकाचं नाव महाराष्ट्राला माहीत झालं असंही नाही. पण त्या चित्रपटाची घडण नीट पाहिली तर एक गोष्ट तिथून खरोखर आली आहे. कथा पुढे नेणारा आवाज एकट्या नायकाचा नाही, तो समूहाचा आहे. कुणी ओळ टाकतं, घोळका झेलतो. गाणारे ‘आम्ही’ म्हणून गातात. मराठी सिनेमात नायक-नायिका झाडाभोवती गात असताना हा ‘आम्ही’ ऐकू आला, तो फेराचा आहे. शब्द अजिंठ्याचे, सूर मंगेशकरी, गळा पुण्याचा. पण बसण्याची रीत, म्हणजे कुणी कुठे उभं राहून कुणाला ओळ द्यायची, ती ठाकरवाडीची. मुलूख गाण्याला कधी कधी एवढंच देतो, आणि तेही न विचारता घेतलेलं असतं.

प्रसंग गाण्याला कसा घडवतो हे पाहायचं तर हळदीतल्या बेंजोकडे पाहावं. लाकडाची लांबट पेटी, वर तारा, तारांवर टंकलेखन यंत्राच्या बटणांसारख्या पट्ट्या. डाव्या हाताने पट्टी दाबायची, उजव्या हातातल्या नखीने तार छेडायची. अमेरिकन बँजोशी याचा संबंध फक्त नावाचा. हे वाद्य मूळचं जपानचं, ‘ताईशोगोतो’. गोरो मोरिता या नागोयाच्या माणसाने १९१२ साली ते बनवलं. हिंदुस्थानात येऊन ते ‘बुलबुल तरंग’ झालं, घरातल्या मुलांच्या करमणुकीचं. मुंबई-कोकणातल्या वादकांनी त्याला पिकअप बसवून अँप्लिफायरला जोडलं आणि त्याचा स्वभावच बदलला. सनई उघड्यावर ऐकू येते कारण तिचा आवाज टोकदार असतो. वीज जोडलेला बेंजो त्याहून टोकदार. पण सनईवाला घडायला वर्षं लागतात आणि ती कला काही घराण्यांकडे असते. बेंजोवर हाताशी बटणं असतात, कुठल्याही जातीचा पोरगा दोन-तीन मोसमांत गाणी उतरवू शकतो. मागे ढोल, ताशा, नंतर रोटो, ऑक्टोपॅड, कॅसिओ. अशी बेंजो पार्टी मिरवणुकीच्या मागे चालते आणि कोळीगीतापासून भीमगीतापर्यंत, आरतीपासून सिनेमाच्या नव्या गाण्यापर्यंत सगळं एकाच ठेक्यात ओवते. जपानी वाद्य, मुंबईची वीज, कोळ्यांची चाल. यात कर्जतचं काय, असं कुणी विचारलं तर उत्तर एकच: हळद. रात्रभर, सगळ्या वयांच्या माणसांनी, अंगणात, चिखल असो की धूळ, सतत नाचता आलं पाहिजे ही मागणी इथल्या लग्नाची आहे. गाणं मध्ये थांबता कामा नये, म्हणून एकातून दुसरं काढायचं. ओळ परत परत यायला हवी, म्हणून धृपदच ताणायचं. तीन मिनिटांच्या तबकडीने फेरातून जी पुनरावृत्ती कापून टाकली होती, ती हळदीने मागच्या दाराने परत आणली.

असं जगात इतरत्रही घडलं आहे. मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यातले कृष्णवर्णीय मजूर इलिनॉय सेंट्रल रेल्वेने शिकागोच्या कारखान्यांकडे गेले. १९४३ साली तिथे पोहोचलेल्या मडी वॉटर्सला गजबजलेल्या गुत्त्यांत साधी गिटार ऐकू येईना, म्हणून त्याने वीज जोडली, आणि पुढच्या रॉक संगीताचा एक मोठा झरा तिथून निघाला. आपल्याकडे मुलखाचं गाणं बाहेर नेण्याचं काम कॅसेटने केलं. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट येईपर्यंत एका मोठ्या कंपनीची बाजारावर पकड होती. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने १९९३ साली उत्तर भारतातल्या कॅसेटवर पुस्तक लिहिलं, त्यात प्रादेशिक गाण्यांना अचानक फुटलेल्या पालवीचं चित्र आहे. महाराष्ट्रातही तेच झालं. कर्जत आणि कसारा या दोन्ही मार्गांचा फाटा जिथे फुटतो त्या कल्याणात प्रल्हाद शिंदे राहत. त्यांचे चिरंजीव आनंद शिंदे यांचा भरदार, खरखरीत गळा कॅसेटवरून यात्रांमध्ये, एस्टी स्टँडवर, रिक्षात पोहोचला. भावगीताच्या मऊ गळ्यांच्या राज्यात हा आवाज उंबऱ्याबाहेरचा होता. तोच गळा वैशाली सामंत यांच्यासोबत २००६ च्या ‘जत्रा’ चित्रपटात ‘कोंबडी पळाली’ गायला, पुणे जिल्ह्यात वाढलेल्या अजय-अतुल यांच्या चालीवर. आणि २०१२ च्या ‘अग्निपथ’मध्ये तीच चाल ‘चिकनी चमेली’ होऊन देशभर वाजली. दिल्लीच्या लग्नात त्या ठेक्यावर नाचणाऱ्याला त्यामागे बेंजोची मिरवणूक आहे हे ठाऊक असायचं कारण नाही. मग तेच गाणं हिंदी होऊन कर्जतच्या हळदीत परत येतं, आणि बेंजोवाला ते पुन्हा आपल्या ठेक्यात उतरवतो.

जुनी जाणती माणसं म्हणतील की हे सगळं कौतुक ऐकायला बरं आहे, पण डीजेने सगळ्यावर नांगर फिरवला. ध्वनिक्षेपकांची भिंत, छातीत बसणारे ठोके, एकसारखी गाणी. बेंजोवालेसुद्धा मागे पडले, धवलारीण तर कधीच अंगणाबाहेर गेली. या तक्रारीचा पहिला भाग मला फारसा मोठा वाटत नाही. डीजेही ऐकणाऱ्यांच्या मागणीने वाकतो: आगरी-कोळी गाण्यांचे नवे निर्माते यूट्यूबवर थेट हळदीसाठीच गाणी सोडतात, त्यांत होरी-गारीचा उच्चार कमी न होता उलट ठसठशीत झाला आहे, आणि ‘दादूस’ संतोष चौधरी यांच्यासारखा आगरी बोलीतला गायक दूरचित्रवाणीच्या मोठ्या कार्यक्रमात आपल्याच बोलीत बोलताना महाराष्ट्राने पाहिला. पंचवीस वर्षांपूर्वी हे घडलं नसतं. तक्रारीचा दुसरा भाग मात्र खरा आहे आणि त्याला माझ्याकडे दिलासा देणारं उत्तर नाही. ज्या गाण्याला बाजारात जायची वाट मिळाली ते बदलत बदलत जगलं. ज्याला वाट मिळाली नाही ते जिथल्या तिथे आटलं. धवलारणी म्हाताऱ्या झाल्या, शिकायला कुणी बसेना. कातकऱ्यांचं तर याहून अवघड. दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जातात ती पाऊस तोंडावर आला की परततात. वस्तीच सहा-सात महिने पांगलेली असेल तर सणाचं गाणं म्हणायचं कुठे आणि कुणासोबत? प्रसंग गाणं घडवतो हे म्हणणं खरं असेल, तर प्रसंगच हिरावला गेल्यावर काय होतं तेही कातकरवाडीत दिसतं. चौक-कर्जत रस्त्यावर नितीन देसाई यांनी २००५ साली उभारलेल्या एन. डी. स्टुडिओत ‘जोधा अकबर’साठी आग्ऱ्याचा किल्ला उभा राहिला होता. शेकडो कोसांवरचा मुलूख इथल्या माळावर हुबेहूब उभा करता आला. त्या माळाच्या पलीकडच्या वाडीतली गाणी टिपून ठेवायला मात्र फारसं कुणी फिरकलं नाही.

वाट बंद झालेल्या गाण्यांना आजही एक फट उरली आहे, ती मात्र कुणी मुद्दाम ठेवलेली नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवायला मनाई आहे. हळद खरी रंगते ती त्याच वेळी, म्हणून पोलिसांची गाडी, यजमानांच्या विनवण्या, ‘अजून एकच गाणं’ हा खेळ प्रत्येक मोसमात चालतो. कुठे नियम पाळला जातो, कुठे वाकवला जातो. पाळला गेला की दहा वाजता डीजेवाला तारा गुंडाळायला लागतो. मांडवात हळद तशीच ओली असते, पाहुणे जागे असतात, आणि ज्या घरात अजून एखादी आजी धवले जाणते तिथे बायका तिच्याभोवती सरकून बसतात. ती ओळ टाकते, बाकीच्या जमेल तशी झेलतात. निम्म्या जणींना शब्द येत नाहीत, त्या शेवटचा सूर तेवढा धरतात.